डाव्या वळणाची स्कूटर

नवीकोरी स्कूटर दुकानावरून परत परत जाताना पाहून चष्मेवाल्याने हातातली फ्रेम खाली ठेवली, बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि ती पुन्हा दिसताच हात केला.

स्कूटर थांबली. म्हणजे आधी दोन्ही पाय जमिनीवर आले, मग ब्रेक लागला.

"मॅडम, पत्ता सापडत नाहीये का?"

"पत्ता पाठ आहे. चौकातून उजवीकडे, दातांची लॅब."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"उजवीकडे वळता येत नाही," ती म्हणाली. "डावीकडे येतं. तेवढंच येतं."

खरंच तसं होतं. ती त्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मामाने हौसेने स्कूटर घेऊन दिली आणि सरळ जायला शिकवून तो आपल्या गावी निघून गेला. डावं वळण ती आपापली शिकली. उजवीकडे म्हणजे मात्र समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात जायचं! चौकात आली की तिचा धीर सुटायचा, हात आपोआप डावीकडे वळायचे आणि सगळ्या इमारतींना वळसा घालून स्वारी पुन्हा त्याच चौकात.

चष्मेवाल्याने शटर अर्धं ओढलं. "उतरा," म्हणाला. मग एका हाताने स्कूटर ढकलत आणि दुसऱ्या हाताने बस, रिक्षा, ट्रक सगळ्यांना थोपवत त्याने तिला चौक पार करून दिला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा शटर आधीच अर्धं खाली होतं.

मग ते रोजचंच झालं. आधी नुसतं ढकलणं. मग ढकलण्याआधी चहा. मग चहाबरोबर गप्पा... कधी कधी गप्पा इतक्या रंगायच्या की ढकलायचं राहूनच जायचं.

"तुम्हाला स्कूटर येते?" तिने एकदा विचारलं.

"येते की. बाबांची होती, विकली."

"मग चालवत का नेत नाही? ढकलता कशाला?"

"चालवली तर लगेच पोचतो ना..." तो म्हणाला आणि उगाच आरसा पुसायला लागला.

इकडे लॅबचे साहेब मात्र कावले होते. "चालत यायचीस तेव्हा वेळेवर होतीस. गाडी घेतलीस आणि उशीर व्हायला लागला. आणखी थोडे दिवस बघेन, नाहीतर तुझं टेबल दुसऱ्या कुणाला देईन."

रविवारी भाजी बाजारामागच्या रिकाम्या मैदानात शिकवणी सुरू झाली. समोरून येणाऱ्या गाड्या म्हणून चष्मेवाल्याने रिकामी खोकी मांडली आणि तिच्या मागे बसला. "आरशात बघा. इंडिकेटर द्या. आता थांबा... जाऊ द्या त्या खोक्याला. हं, वळा."

पहिल्यांदा खोकं उडालं. दुसऱ्यांदा ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. तिने स्कूटर थांबवली.

"जमलं नाही," ती म्हणाली.

"छे, कुठलं जमायला," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू."

असे कितीतरी रविवार तिला काही जमलं नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवसापासून त्या दुकानावरून जायचं कारणच उरणार नव्हतं. पण साहेबांनी एका शनिवारी शेवटचं सांगितलं, तेव्हा नोकरीपुढे तिचा नाइलाज झाला.

"सोमवारपासून मी वळणार," तिने त्याला सांगितलं.

"येतं?"

"पहिल्या रविवारपासून येतंय."

"माहीत आहे मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

पुढचं बोलायला दोघांनीही तोंड उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि चष्मेवाला आत गेला.

सोमवारी ती वळली. वेळेच्या आधीच पोचली. चहा नाही, गप्पा नाहीत, समोर नुसत्या कवळ्या. दोन दिवसांत तिने खालच्या जबड्याचे दात वरच्या जबड्याला बसवले. साहेब म्हणाले, "बाई गं, तू उशिरा यायचीस तेच बरं होतं."

त्याच आठवड्यात एका सकाळी ती चौकात उजवा इंडिकेटर लावून उभी होती. गाड्यांमधून वाट काढत कुणीतरी तिच्याकडे येत होतं. डोक्यावर नवं हेल्मेट, त्याची किमतीची चिठ्ठी अजून कानाशी लोंबत होती.

"तुम्ही? गाडी घेतलीत?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

"मग हेल्मेट कशाला?"

"मागे बसायला."

"लॅबपर्यंत? दुकान उघडायची वेळ झाली की तुमची."

"लॅबपर्यंतचं नाही म्हणत मी..." त्याने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "कायमचं म्हणतोय. तुमच्या मागे. चालेल का?"

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले. स्कूटर जागची हलेना. चौकातला हवालदार तोंडातली शिट्टी काढून जवळ आला.

"लग्नाचं ठरवायचं असेल तर गाडी बाजूला घ्या."

"ठरलं," ती म्हणाली.

"ठरलं?" चष्मेवाल्याने हेल्मेटची काच वर करून विचारलं.

"हो रे बाबा. बस आता, मागे गाड्या तुंबल्यात."

तो बसला. ती झोकात उजवीकडे वळली. लॅब उघडायला अजून अवकाश होता. लॅब आली, मागे पडली, तरी दोघांपैकी कुणीही थांबायचं नाव काढलं नाही.