लाल रेघ दिसलीच नव्हती!

"सही करायची नाही, आत्या! अजिबात नाही!"

ठिणगीचा आवाज अख्ख्या वर्कशॉपमध्ये घुमला. आत्याच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. टेबलावर एक कागद होता आणि टेबलापलीकडे मोटार कंपनीचे टायवाले साहेब घड्याळ बघत उभे होते.

"मुलांना बाहेर काढा बघू," साहेब वैतागले. "साधी गोष्ट आहे. तुमची कॅमेऱ्याची रिग गाडीवरून निसटली, लेन्स फुटली. 'रिग सदोष होती' एवढं लिहून द्या, विषय संपला!"

"विषय नाही, आत्याचं काम संपेल!" ठिणगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हा कागद बघितल्यावर तिची रिग आपल्या गाडीला कोण लावू देईल?"

"ठिणगे, हळू," आत्या पुटपुटली. ती कधी कुणावर आवाज चढवत नसे.

"चार वाजता परत येतो," असं बजावून साहेब तरातरा निघून गेले.

ठिणगी तेरा वर्षांची. तिचा भाऊ चष्म्या अकराचा आणि चुलत बहीण लिंबू दहाची. तिघंही सुट्टीला आत्याकडे आली होती, कारण आत्याचं कामच भन्नाट होतं! ती धावत्या गाड्यांचे फोटो काढायच्या रिग बनवायची. पाच मीटर लांबीचा, हलका पण ताठ दांडा. त्याला बूम म्हणायचं. बूमच्या एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला रबराचे दोन मोठे कप. हे कप गाडीला घट्ट चिकटवायचे, शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं आणि गाडी हातानं हळूहळू ढकलायची. कॅमेरा गाडीबरोबरच सरकतो, म्हणून फोटोत गाडी स्पष्ट येते आणि रस्ता मात्र सुसाट पळताना दिसतो. मग कॉम्प्युटरवर फोटोतला दांडा पुसून टाकायचा, की झालं!

पण आज सकाळी कंपनीच्या आवारात गाडी जेमतेम चार पावलं सरकली आणि बॉनेटवरची रिग धाडकन खाली आली.

"चष्म्या, कपांवर नजर ठेवायचं काम तुझं होतं," ठिणगीनं त्याला गाठलं. "खरं सांग. लाल रेघ दिसली होती का?"

प्रत्येक कपाला एक छोटा पंप असतो. तो दाबला की कपातली हवा बाहेर पडते आणि कप चिकटतो. हवा परत आत शिरू लागली, तर पंपाची दांडी बाहेर सरकते आणि तिच्यावरची लाल रेघ दिसते.

"नाही दिसली! कप सुटेपर्यंत दिसली नाही! मी डोळे हलवलेच नव्हते!"

"आणि शिंकलास तेव्हा?"

"तेव्हाही एक डोळा उघडा ठेवला होता!"

"असं कुणालाच जमत नाही रे," लिंबू खुदकन हसली.

"हसू नकोस. ये इकडे!" ठिणगीनं पडलेल्या रिगचा एक कप ओल्या फडक्यानं पुसला आणि वर्कशॉपमधल्या लोखंडी कपाटावर दाबून बसवला. पंप मारला. मग तिघांनी कपाची मूठ धरली आणि पाय रोवून जोर लावला. एक, दोन, तीन! कपाट करकरत वीतभर पुढे आलं, पण कप हलला नाही. दुसऱ्या कपाचंही तसंच!

"कप ठणठणीत आहेत!" चष्म्या ओरडला. "म्हणजे घोळ गाडीत आहे!"

लिंबूनं कपाळावर आठ्या घातल्या. "मला एक सांगा. लेन्स फुटली तेव्हा सगळे लेन्सकडे धावले. मग साहेब एकटेच गाडीवर कव्हर घालायला का धावले?"



"आत्या," ठिणगीनं हळूच विचारलं, "कप कशावर चिकटत नाहीत?"

"रंगावर चिकटतात, काचेवर चिकटतात. पण रंगावर प्लास्टिकची फिल्म चढवली असेल, तर कप फिल्मला धरतो आणि फिल्मच पत्र्यापासून सुटते. कपात हवा शिरतच नाही, म्हणून लाल रेघही दिसत नाही!" आत्याचा चेहरा बदलला. "मी विचारलं होतं गं त्यांना. 'कंपनीचाच रंग आहे,' म्हणाले. मी विश्वास ठेवला. कडेला नख लावून बघायला हवं होतं."

"ते चारला येणार ना? आपण तीनलाच जाऊ!"

"पण खात्री झाल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही," आत्या म्हणाली.

"आळ नाही घेत. फक्त कप घेतो!"

सकाळी ज्यांची लेन्स फुटली होती, ते फोटोवाले काका आवारात दुसरी लेन्स लावून बसले होते. कव्हर घातलेल्या गाडीपाशी साहेब येरझाऱ्या घालत होते.

"सही आणली?"

"नाही आणली आणि आणणारही नाही!" ठिणगी ठणकावून म्हणाली. "काका, तुमच्यासमोर कप तपासायचेत. दारावर लावून दाखवू?"

फोटोवाल्या काकांनी मान डोलावली. कव्हराची कड वर करून चष्म्यानं दारावर कप बसवला. खुद्द काकांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. गाडी डुलली, कप जागच्या जागी!

"दार वेगळं!" साहेब घाईघाईनं म्हणाले.

लिंबूनं डोळे मोठे केले. "म्हणजे बॉनेटचा रंग वेगळा आहे का हो, साहेब?"

"छे! कारखान्यातून एकच रंग येतो सगळ्या गाडीला!"

"मग बॉनेटवरही लावून बघू या की!"

"बॉनेटला हात लावायचा नाही!"

"का बरं?" फोटोवाले काका उठले आणि त्यांनी सर्रकन कव्हर ओढलं.

बॉनेटवर भाजल्यासारखे दोन गोल फोड आले होते! आत्यानं कडेला नख घातलं. पातळ, चकचकीत फिल्म सालीसारखी वर आली आणि तिच्याखाली दिसला हातभर लांब ओरखडा.

साहेबांनी टाय सैल केला. "ट्रकमधून उतरवताना घासली... वरच्यांना कळू नये म्हणून पहाटे फिल्म लावून घेतली. मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय!"

"माझी लेन्स फुटली आणि एका बाईच्या कामाला बट्टा लागत होता!" काका कडाडले. "एवढंसं?"

आता आत्या पुढे झाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण शब्द ठाम. "साहेब, जे घडलं ते तसंच लिहून द्या. तुमच्या हातानं. तोपर्यंत माझी रिग या गाडीला लागणार नाही."

साहेबांनी लिहिलं. तीन वेळा खोडलं, तरी लिहिलं!

मग आत्यानं छताला आधी नख लावून पाहिलं आणि तिथे कप बसवले. बॉनेट दिसणार नाही अशा बेतानं बूम मागच्या बाजूला वळवला. चालक गाडीत बसला. गाडी उलटी सरकली तरी फोटोत कळत नाही, म्हणून ढकलायला पुढच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे वाकून, तीन मुलं आणि घामाघूम साहेब!

"दोन सेकंद... झालं!"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर रस्त्याच्या रेघा रेघा झाल्या होत्या आणि गाडी बाणासारखी सुटली होती.

"शाबास रे पोरांनो!" काका म्हणाले. "सकाळी आम्ही मोठी माणसं फुटकी लेन्स बघत बसलो. गाडीकडे बघायचं तुम्हाला सुचलं!"

आत्यानं ठिणगीला जवळ ओढलं. "मी सही करणार होते गं. भांडण नको म्हणून. पण खोट्यापुढे गप्प बसणं म्हणजे शांत असणं नव्हे. हे मला आज तू शिकवलंस."

ठिणगी हसली आणि आत्याचा हात धरून रिग उतरवायला धावली.