इंदुमतीच्या हातावरची ओळख

फलटणच्या वृद्धनिवासात भेटीची वेळ सकाळी दहाची होती. दिगंबर हेंद्रे पावणेदहालाच येत, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत, पंच्याने कोरडे करत आणि मग बायकोच्या खाटेशी बसून तिचा हात हातात घेत. तासभर बसत. बोलत नसत, कारण बोलून उपयोग नव्हता. सहा वर्षांपूर्वी इंदुमतीबाईंचे विसरणे सुरू झाले होते. आता नवरा, मुलगी, स्वतःचे नाव, काहीच उरले नव्हते. हात मात्र त्या काढून घेत नसत.

दिवाळीनंतर त्याच हातांवर बिब्बा उतल्यासारखे फोड येऊ लागले. म्हातारपणाची कातडी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. खाजवले की सोलून निघे.

“आजोबा, हाताला खाजकुयली चोळून येता काय हो?” देखभाल करणाऱ्या सगुणाबाईंनी एकदा विचारलेच. “तुम्ही गेलात की आजी रक्त येईस्तोवर खाजवतात. मग दिवसभर मी मनगटं धरून बसायचं.”

“साबण बदलला मी,” दिगंबर ओशाळून म्हणाले. “तीनदा बदलला.”

बुधवारी त्वचारोगाच्या डॉक्टर नाझनीन मुजावर आल्या. त्यांच्याकडे त्वचावाचक होता. विड्याच्या पानाएवढा, पारदर्शक, हिरवट पापुद्रा. पूर्वी ॲलर्जी शोधायला पाठीवर पट्ट्या चिकटवून चार-चार दिवस वाट पाहावी लागे. हा पापुद्रा काही मिनिटांत उत्तर देई.

“त्वचेत पहारेकरी पेशी असतात, सर,” इंदुमतीबाईंच्या दंडावर पापुद्रा बसवत डॉक्टर म्हणाल्या. “एखादा पदार्थ एकदा शत्रू ठरवला की त्या विसरत नाहीत. कोणाला ओळखता आणि कधीपासून, एवढंच हा त्यांना विचारतो.”

साबण, तेल, चादर धुण्याची पावडर, पट्टीचा चिकट थर, सगळ्यांना पापुद्रा हिरवाच राहिला. सगुणाबाईंनी बोट टेकवले, तेव्हाही हिरवा. मग डॉक्टरांनी दिगंबरांना तळवा टेकवायला सांगितला. पापुद्रा कडेपासून लाल होत गेला.

“तुमच्या घामावर एक सूक्ष्म बुरशी वाढते,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळ्यांच्याच अंगावर असते, पण प्रत्येकाची जात जराशी वेगळी. तुमची यांना सोसत नाही.”

“धुऊन काढली तर?”

“घाम सुटला की लगेच परत येते. हातमोजे घालून पाहिलेत?”

“पाहिले. रबर लागताच किंचाळली. सुई टोचणारेच हातमोजे घालतात, एवढं तिला कुठंतरी ठाऊक आहे.” दिगंबरांनी लाल पापुद्र्याकडे पाहिले. “म्हणजे हिला मी ओळखू येतो?”

“त्वचेला येता.”

“शत्रू म्हणून.”

“त्वचेला दुसरा शब्द ठाऊक नाही, सर.”

“कधीपासूनची आहे ही ओळख?”

डॉक्टरांनी आकडे पाहिले. “सहा वर्षं. हळूहळू साचत आली, फोड आता उठले.”

“लग्नाला बावन्न झाली.”

“तरुण त्वचा घट्ट असते. काही आत शिरू देत नाही,” डॉक्टर समजुतीने म्हणाल्या.

दिगंबरांनी मान हलवली. खरे कारण त्यांना ठाऊक होते. दोन खोल्या आणि अकरा माणसे. त्यांनी बायकोला कधी नावानेही हाक मारली नव्हती, ‘ऐकलंस का’ एवढेच. लग्नानंतर जेजुरीला गेले, तेव्हा नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या म्हणून सगळे हसत उभे होते. दिगंबरांनी लाजून छत्री पुढे केली होती. “असू दे, पाय आहेत मला,” असे म्हणत छत्रीचे टोक धरून ती चढली. मुलगी झाली, वाढली, सासरी गेली. हात हातात घेऊन बसणे मात्र सहा वर्षांपूर्वीच सुरू झाले, इस्पितळाच्या बाकावर ती घाबरली तेव्हा. म्हणजे ती त्यांना विसरत होती, त्याच दिवसांत तिची कातडी त्यांना शिकत होती.

“ही ओळख पुसता येते,” डॉक्टर सांगत होत्या. “विस्मरण-लस. फक्त या एका बुरशीची आठवण जाते. सही तुमची लागेल. नको असेल, तर मात्र हात धरायचा नाही.”

दोन दिवस ते खुर्ची लांब ओढून बसले. इंदुमतीबाई चादरीवर काहीतरी चाचपडत राहिल्या. सगुणाबाईंनी आपला हात दिला, तर त्यांनी तो बोटांनी तपासला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना त्या “आई गं” म्हणून लहान मुलीसारख्या रडल्या. दिगंबरांनी कागद मागवून सही केली.

लस दिल्यानंतर नवव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा पापुद्रा बसवला आणि दिगंबरांनी त्यावर तळवा टेकवला. हिरवा. फोडही सुकले होते. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. इंदुमतीबाईंनी त्यांची बोटे एकेक करून चाचपली, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि हात हलकेच काढून चादरीवर ठेवला. मग त्या पुन्हा चादर चाचपू लागल्या.

सगुणाबाई खिडकीकडे वळल्या.

“हे लसीमुळं?” दिगंबरांनी विचारले.

“लस मेंदूपर्यंत जात नाही, सर,” डॉक्टर म्हणाल्या. मग आवाज उतरला. “निदान आतापर्यंत आम्ही असंच मानत होतो.”

“त्वचा पुन्हा शिकते का?”

“शिकू शकते. पाच-सहा वर्षं लागतील. पण मग पुन्हा तेच फोड, तीच खाज. ते होऊ नये म्हणूनच तर लस दिली.”

दिगंबर एकोणऐंशी वर्षांचे होते. चादरीवर फिरणाऱ्या त्या बोटांकडे ते पाहत राहिले. मग त्यांनी विचारले ते इतक्या हळू, की डॉक्टरांना खाली वाकावे लागले.

“रोज तासाऐवजी दिवसभर धरला, तर ओळख लवकर येईल का हो?”