आबांची तेल पिणारी मोटार

यशोदाबाईच्या नवऱ्याला कोठडीत टाकून सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी ती जळगावात झुलाल देवऱ्याच्या खोलीवर आली. खुर्ची पुढे केली तरी खाली फरशीवरच बसली आणि एका दमात अहिराणीत बोलून गेली.

"मना माणूस निर्दोष शे, भाऊ. बठ्ठा गाव म्हणस, लोटननी मालकले मारं. त्यानी काहीच करं नही."

झुलाल खासगी तपासाची कामं घेत असे. त्याआधी बरीच वर्षं तो विम्याच्या दाव्यांची चौकशी करायचा. माणसं किती सफाईनं खोटं बोलतात ते पाहून पाहून त्याचं मन पार निबर झालं होतं. सोबत पुना मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, चालायला सावकाश आणि विचारालाही सावकाश. पण माणूस म्हणून झुलालपेक्षा शंभर पटींनी बरे, हे आपलं आमचं मत.

हकिकत अशी होती. १९५४ सालच्या पौषात, कडाक्याच्या थंडीत, रावेरचे केळी बागाईतदार गिरधर आबा सकाळी मोटारीनं जळगावला निघाले. लोटन गाडी चालवत होता, आबा मागे बसले होते. बेचाळीस मैलांचा रस्ता. जळगावात पोचल्यावर लोटननं मागचं दार उघडलं, तर आबा मरून पडलेले, चेहरा लालबुंद. डॉक्टरांनी सांगितलं, मोटारीचा विषारी वायू छातीत गेला.

वायू आला कुठून, तेही लगेच सापडलं. थंडीत आबांचे गुडघे धरायचे. म्हणून दिवाळीनंतर इंजिनाच्या धुराच्या पाइपाला एक फाटा जोडून ती नळी मागच्या सीटपुढून नेली होती. गरम नळीवर पाय टेकून आबा बसत. तिचा सांधा उघडा पडला होता. फौजदारांनी लोटनला धरलं. जुनाट, धूर ओकणारी गाडी, तिचा सांधा ड्रायव्हरनं बघितला नाही, मालक हकनाक गेला. दोन वर्षं तरी आत जाणार, असं जो तो बोलत होता.

"ते आत गेले तर मी तीन पोरं घेऊन कुठे जाऊ?" यशोदाबाई म्हणाली.

"त्यानं केलं नसेल तर सुटेल," झुलाल म्हणाला. "पण मी मध्ये थांबत नाही, बाई. खरं काय ते निघेल, मग ते कुणाच्या का दारात जाईना."

"जाऊ द्या. मना माणूस सोडवा."

लोटन कोठडीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मनगटं बेडीनं सुजली होती.

"गाडी कशी होती?" झुलालनं विचारलं.

"तेल प्यायची, साहेब. इंजिनाच्या रिंगा झिजल्या होत्या. रावेरहून निघताना एक बाटली ऑइल ओतायचं, भुसावळला एक, जळगावला पोचलं की एक. सहा वर्षं हेच चाललंय. आबांना म्हटलं, रिंगा बदला. ते म्हणायचे, मिस्त्रीचं घर मी का भरू?"

"ओतण्याआधी काडी काढून तेल बघायचास?"

"कशाला? किती प्यायची ते ठरलेलंच होतं. डोळे मिटून ओतायचं."

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशीही. रावेरला एक, भुसावळला एक."

"आबांना धुराचा त्रास व्हायचा नाही?"

"व्हायचा की. जळक्या तेलाचा नुसता भपकारा. नाकाला उपरणं लावून, खिडकी उघडी टाकून बसायचे, थंडी असली तरी. शिव्या मला." लोटननं मान वर केली. "त्या दिवशी मात्र भुसावळला म्हणाले, लोटन, आज गाडी वास मारत नाही रे. खूश होते. काचा वर घेतल्या, पडदा ओढून घेतला आणि झोपले."

घरच्या बायकांसाठी ड्रायव्हरच्या मागे जाड पडदा लावलेला होता. लोटनच्या बाजूची काच फुटलेली, वारा थेट तोंडावर. तरी जळगावला उतरल्यावर त्याला ओकारी झाली होती. फौजदारांच्या मते ती भीतीची.

"सांध्याचं काय?"

"अस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली होती मी. घट्ट. आईची शपथ. मग आठवडाभर साक्रीकडे गावी होतो, आई आजारी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी परत आलो आणि सकाळी गाडी काढली."

मोटार ठाण्याच्या आवारात उभी होती. झुलालनं बॉनेट उघडून काडी काढली. तेल खुणेच्या वर दोन बोटं होतं.

"भरपूर आहे," मास्तर म्हणाले. "म्हणजे लोटन गाडीची काळजी घेत होता."

झुलाल मागे गेला, सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल घालून फिरवला. करडी, कोरडी राख लागली. झटकली तशी उडून गेली.

"स्वच्छ माणूस दिसतो," मास्तर म्हणाले.

झुलालनं रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्यानं मागच्या सीटपुढची चटई उचलली. सांध्याची दोरी दोन्हीकडे लोंबत होती, टोकं सरळ, विळीवर चिरल्यासारखी. चटई उचलली की कुणाचाही हात तिथं पोचत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं रावेरला गेले. आबांच्या पश्चात घरात तिघं उरली होती. पुतण्या लीलाधर, बाग बघणारा. विधवा सून सुनंदाबाई. आणि तिची मुलगी लता, सोळा वर्षांची. लतानं पाणी आणलं. कितवीत आहेस, असं मास्तरांनी विचारलं, तर तिनं आधी लीलाधरकडे पाहिलं.

"शाळा सोडवली," लीलाधरच म्हणाला. "माघात लग्न आहे. जळगावचे मोतीलाल दलाल. आबा त्या दिवशी तारीख धरायलाच निघाले होते."

"मोतीलाल म्हणजे," मास्तर चाचरत म्हणाले, "ज्यांच्या दोन बायका वारल्या ते?"

"हो. सेहेचाळीसचे आहेत, धडधाकट आहेत. हंगामात केळीला रेल्वेच्या वॅगनी त्यांच्याशिवाय कोण मिळवून देतो? घड कापला की केळी कुणाची वाट बघत नाहीत, मास्तर. आबांनी पुष्कळ खटपट करून हे जमवलं. आता आबांचे दिवस होऊ द्या, असं मोतीलालशेठ म्हणताहेत."

मुलीसमोरच बोलला. लाज कशाशी खातात, हे त्याला ठाऊकच नसावं.

"लोटन नव्हता तेव्हा गाडी कुणी चालवली?" झुलालनं विचारलं.

"मीच. वहिनींना धुळ्याला माहेरी सोडलं, त्या म्हणाल्या म्हणून गाडी तिथंच ठेवून एस्टीनं परतलो. चार दिवसांनी जाऊन वहिनींना त्याच गाडीतून घेऊन आलो."

"वाटेत तेल ओतलंत?"

"जाताना चार-पाच बाटल्या गेल्या. नुसता वैताग."

"आणि येताना?"

लीलाधर आठवू लागला. "येताना नाही ओतलं. वहिनी म्हणाल्या, भावानं काठोकाठ भरलंय, डबा काढू नका."

"शंभर मैल?"

"असतील शंभर. मला त्यातलं कळत नाही."

सुनंदाबाई दाराआडून बोलल्या. आवाज शांत होता.

"चारही दिवस गाडी माझ्या भावाच्या दारात उभी होती. कुणी हात लावला नाही."

"ऊबेची नळी कुणी सुचवली?"

"मीच. मामंजींना थंडी सोसवत नव्हती."

"तुम्हाला गाडीतलं कळतं?"

"ह्यांची होती ती. रविवारभर तिच्याखाली निजलेले असायचे. मी हातात पाने-पकडी द्यायची. जे कानावर पडलं ते." त्यांनी लताला खूण करून आत बोलावलं. "लोटन वाईट माणूस नाही. हयगय झाली त्याच्याकडून. त्याच्या घरी दाणागोटा मी पाठवते आहे, पुढेही पाठवीन."

बाहेर पडल्यावर मास्तरांचे डोळे ओले झाले होते. "किती मायेची बाई आहे."

"हो," झुलाल म्हणाला. "मास्तर, तुम्ही आजच धुळ्याला जा. तिच्या माहेराजवळ मोटारींचे मिस्त्री किती आहेत ते बघा आणि एकेकाला विचारा."

तीन दिवसांनी झुलालनं सगळ्यांना आबांच्या ओसरीवर जमवलं. फौजदारांनी लोटनला बेडीसकट आणलं. यशोदाबाई खांबाला टेकून बसली. लीलाधर सारखा दाराकडे बघत होता, बागेत कापणी खोळंबली होती.

"फौजदारसाहेब," झुलाल म्हणाला, "तुम्ही म्हणता, धूर ओकणाऱ्या गाडीनं आबांना मारलं. मी म्हणतो, ती धूर ओकत होती तोवर आबा जिवंत होते."

"ते कसं?"

"जो वायू मारतो त्याला वास नाही, रंग नाही. वास असतो तो जळक्या तेलाचा. त्या भपकाऱ्यामुळे आबा खिडकी उघडी ठेवत. ती घाणच त्यांचं रक्षण करत होती. त्या दिवशी घाण नव्हती. आबा स्वतः तसं म्हणाले, काचा लावल्या आणि झोपले."

"घाण का नव्हती?"

"गाडीनं तेल पिणं सोडलं होतं. लोटननं सवयीनं, न बघता, दोन बाटल्या ओतल्या. पूर्वीसारखी पीत असती तर तेल खुणेपाशी राहिलं असतं. ते दोन बोटं वर आहे, म्हणजे ओतलेलं सगळं आतच राहिलं. तेल पिणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आत काळा चिकट असतो. ह्याच्यात कोरडी राख आहे. धुळ्याहून येताना लीलाधरभाऊंनी शंभर मैलांत थेंबही ओतला नाही आणि इंजिन अडलं नाही. जाताना चार-पाच बाटल्या लागतात, येताना एकही नाही. मग चार दिवसांत धुळ्याला काय झालं? सुनंदाबाई म्हणतात, कुणी हात लावला नाही."

त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली मान घालून बोलले.

"रुपचंद मिस्त्री म्हणून आहेत. त्यांनी इंजिन खोललं, नव्या रिंगा घातल्या. बाईंनी सांगितलं होतं, मामंजींना खर्च आवडत नाही, कुणाला बोलू नका. मजुरीला सोन्याची पाटली दिली. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली."

"आणि काय विचारलं त्यांनी रुपचंदला?"

मास्तरांची नजर लताकडे गेली.

"मास्तर, सांगा."

"विचारलं, आता नळी गळली तर आत बसलेल्याला कळेल का? रुपचंद म्हणाले, नाही कळणार, बाई, पूर्वी वासानं कळायचं. सांधा जपा."

"सांधा जपला गेला नाही," झुलाल म्हणाला. "दोरी पात्यानं कापली होती. लीलाधरभाऊंनी कापली म्हणावं, तर आबा जळगावला पोचून तारीख धरतील ह्यातच त्यांचं हित होतं. शिवाय त्यांनी कापली असती तर, येताना तेल लागलं नाही, हे मला इतक्या सहज सांगितलं नसतं. लोटनला गाडी दुरुस्त झाल्याचं माहीतच नव्हतं, नाहीतर त्यानं तेल ओतलं नसतं. उरलं कोण?"

सुनंदाबाई दाराआडून पुढे आल्या. पदर डोक्यावर नीट घेतला.

"नळी मी खरंच त्यांच्या गुडघ्यांसाठी बसवून घेतली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा लताचं ठरलं नव्हतं. ठरलं तेव्हा मी पाया पडले. म्हटलं, तिला विहिरीत ढकला, त्या माणसाला देऊ नका. म्हणाले, बाईमाणसानं वॅगनीच्या गोष्टीत तोंड घालू नये. विळीनं मीच कापली, आदल्या रात्री. जाताना काचा लावून घ्या म्हणूनही सांगितलं."

"आणि लोटन?" फौजदारांनी विचारलं.

"दोन वर्षं गेली असती त्याची. त्याचं घर मी चालवलं असतं, शब्द दिला होता मनाशी. माझ्या पोरीला जन्मठेपच होती." त्या यशोदाबाईकडे वळल्या. "यशोदा, तू गप्प का नाही बसलीस गं?"

यशोदाबाईनं मान वर केली नाही. "माले मना माणूस पाहिजे व्हता," ती म्हणाली. "बाकी माले काही ठाऊक नही."

फौजदारांनी लोटनची बेडी काढली आणि सुनंदाबाईंना बैलगाडीत बसवून ठाण्यावर नेलं. लता दारात उभी होती. तिला रडूही येत नव्हतं. मास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"झुलालराव," ते अखेर म्हणाले, "आपण ह्यात पडलो नसतो तर?"

"तर लोटन आत गेला असता."

"हो," मास्तर म्हणाले. "तेही खरंच."

लीलाधर उठला, टोपी झटकली. आता घराचा कर्ता तोच होता.

"लोटन, झालं ते झालं. आबांची मोटार सरकारजमा राहील. उद्यापासून माझ्या जीपवर ये. पहिली फेरी जळगावची. मोतीलालशेठना निरोप द्यायचाय, लग्न ठरल्याप्रमाणेच होईल. आईचं असं झाल्यावर दुसरं कोण हिला करून घेणार? आणि माघात नवरीला पोचवायलाही तूच."

लोटननं लताकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"ते येतीन, भाऊ," यशोदाबाई म्हणाली. "कामले नही कसं म्हणतीन?"

मग ती लताकडे न बघता नवऱ्याजवळ सरकली आणि त्याची सुजलेली मनगटं चोळू लागली.