पाणी अंगावर दाखवू नये

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझा राग नाही. ज्याच्यावर ती बेतली तो माझा सख्खा मामेभाऊ. सुदर्शन. आळे गावचा.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मंगळवार. दुपारचे साडेतीन.

हो, दुपारचे. भुतं फक्त अमावस्येच्या रात्री निघतात, हा शहरी लोकांचा गैरसमज आहे.

ठिकाण आंबेगाव तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगराकडे. वाडीचं नाव सांगणार नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात.

वाडीच्या खालच्या अंगाला नदीकाठी एक गाव आहे. ते आता शहर व्हायला निघालंय. हद्द वाढली आणि वाडीही तिच्यात आली. शहर म्हटलं की आराखडा आला, आणि नदीकाठचं शहर म्हटलं की पूररेषा आली. नकाशावर एक निळी रेषा मारतात. रेषेच्या आत घर बांधायचं नाही, बाहेर खुशाल बांधा. ही रेषा ठरवायचं काम सुदर्शनच्या कंपनीकडे होतं. त्याच्यासोबत नूतन होती. ओतूरची, आमच्या लहानपणापासूनच्या ओळखीची, त्याच्याच वयाची, त्याच्याएवढीच शिकलेली.

वाडीखालच्या मोकळ्या रानात एकतीस घरकुलं होणार होती. रान रेषेच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता.

कॉम्प्युटर म्हणत होता, बाहेर. पण जुन्या माणसांनाही विचारायचं असतं. पूर्वी पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं? त्यासाठी एक छापील फॉर्म होता. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा, डोक्यावर. समोर चौकोन. बरोबरची खूण करा आणि मोकळे व्हा.

वाडीत तो पूर पाहिलेली एकच बाई उरली होती. साळुबाई. ऐंशीच्या पुढची. तिचा नातू गोकुळ या दोघांना तिच्याकडे घेऊन गेला.

"आजी, खालच्या रानात पाणी कुठवर आलं होतं?" सुदर्शनने विचारलं.

आजी हातातली काठी चाचपत राहिली.

त्याला वाटलं, ऐकू येत नसेल. त्याने वाकून स्वतःच्या घोट्याला हात लावला. "इतकं?"

मग गुडघ्याला. "इतकं?"

मग कमरेला. मग छातीला. मग हात गळ्याला लावून तो म्हणाला, "की इतकं?"

आणि...

सटकन काठी बसली. मनगटावर.

"अंगावर दावू नको, मुडद्या!" म्हातारी ओरडली. "पाणी अंगावर दावत न्हाईत!"

गोकुळ मधे पडला. "राग मानू नका, साहेब. आमच्यात पाणी किती आलं, जखम कुठं झाली, हे आपल्या अंगावर दावत न्हाई. भितीवर दावायचं. अंगावर दावलं की ते तितवर येतं. तीनदा थुका आन म्हणा, माज्या अंगावर न्हाई."

"थुंक ना," नूतन हळूच म्हणाली. "काय जातंय तुझं?"

"मी इंजिनिअर आहे," सुदर्शन हसला.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. याला काठीचाही पुरला नाही.

साळुबाई उठली. भिंतीपाशी गेली आणि काठी वर केली. सुदर्शनच्या डोक्याच्याही वर, चांगली दोन हात.

"हितं," ती म्हणाली. "माझं लगीन झालं त्या सालची गोष्ट. रानातल्या आंब्यावर चौघांची जागा व्हती. आमी अकरा व्हतो."

"मग?"

"मग काय? बुडतं माणूस माणूस ऱ्हात न्हाई, बाळा. हाताशी येईल त्याच्यावर पाय देतं. चावतं. पोटचं पोर न्हाई वळखत."

"तुम्ही कशा वाचलात, आजी?" नूतनने विचारलं.

म्हातारीने काठी खाली घेतली. पदर तोंडात धरून आत गेली.

सुदर्शनने पुण्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "म्हातारीच्या गप्पांवर शहर उभं राहतं का? कॉम्प्युटरला जुळेल असं लिही." जुळत होतं ते गुडघा; तेवढ्याने रान रेषेबाहेर राहत होतं. सुदर्शनने गुडघ्यासमोर खूण केली.

"एकतीस घरं आहेत रे त्या रानात," नूतन म्हणाली.

"मग तू सांग साहेबांना."

तिने सांगितलं नाही. फॉर्मवर दोन सह्या लागायच्या. तिनेही केली.

नदीचं पात्र मोजायचं तेवढं राहिलं होतं. मे महिना, नदी ठणठणीत कोरडी. वाळू आणि गोटे. सुदर्शन उंचीची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन पात्राच्या मधोमध उभा राहिला. नूतन काठावर तिपाईपाशी, दुर्बिणीला डोळा लावून. फोन चालू होता, त्याच्या खिशात.

"पट्टी हलवू नकोस," फोनमधून तिचा आवाज आला.

"नाही हलवत."

"हलतेय, सुदर्शन. आणि... तुझे बूट ओले का दिसतायत?"

त्याने खाली पाहिलं. वाळू कोरडी होती. बूट मात्र काळेभोर भिजले होते.

मग त्याच्या लक्षात आलं...

कावळ्याचा आवाज थांबला होता. वाराही थांबला होता. सगळं रान गप्प झालं होतं.

थंडगार काहीतरी घोट्याला लागलं. दिसत काहीच नव्हतं. त्याने पाऊल उचलायला पाहिलं, आणि गुडघ्यावर दगड आदळला. न दिसणारा दगड. कट्ट असा आवाज झाला. तो ओरडला.

"सुदर्शन? काय होतंय?"

कंबर.

धक्का इतका जबर होता की पट्टी वाळूत रोवली म्हणून तो उभा राहिला.

छाती.

ओंडक्यासारखं काहीतरी बरगड्यांवर बसलं. तोंडात रक्त आलं. डोक्यावर मे महिन्याचं ऊन होतं आणि हा माणूस गारठून काकडत होता. त्याच क्रमाने, बघा. जसा त्याने हात लावला होता, त्याच क्रमाने.

गळा.

आणि मग... खांद्यावर पाय पडला.

माणसाचा पाय. वजन असलेला. मग दुसरा. केसांत बोटं रुतली आणि मुंडकं मागे ओढलं गेलं. एक टाच तोंडात घुसली, पुढचा दात तुटला. कानाशी कुणीतरी बाई घशातून घरघरत होती. पाणी नाकात गेलं. दिसत नसलेलं, गढूळ, मातीच्या चवीचं पाणी.

सुदर्शन मला सांगताना इथे थांबला होता.

मग म्हणाला, "दादा, मी मारायला लागलो."

त्याने पट्टी उपसली आणि सपासप फिरवली. काहीतरी मोडलं. एक हात गळ्याभोवती आवळला होता, त्याला तो कडकडून चावला. मांस दाताखाली आलं तरी सोडलं नाही. तो हात सुटला. कुणीतरी खाली गेलं. पायाखाली मऊ लागलं. त्याने त्यावर एक पाय दिला. मग दुसरा. ते खालून वळवळत होतं. त्याने टाचा दाबल्या, अजून दाबल्या, उंच झाला आणि...

श्वास मिळाला.

"देवाशपथ सांगतो," सुदर्शन म्हणाला, "तेवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता."

फाडकन कानाखाली बसली. गोकुळ होता. आरडाओरडा ऐकून धावत आला होता. तो वाळूत उभा होता आणि त्याच्या पायाला पाण्याचा थेंब नव्हता.

"उतरा!" तो किंचाळत होता. "साहेब, उतरा तिच्यावरून!"

सुदर्शनने खाली पाहिलं.

त्याच्या टाचांखाली नूतनची पाठ होती. तोंड वाळूत दाबलेलं. गळ्याजवळचं हाड मोडलेलं. दंडावर त्याचेच दात उमटलेले. डोक्यापासून पायापर्यंत ती ओलीचिंब होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोकुळला विचारलं, "ही कुठल्या विहिरीत पडली?" तिच्या छातीतून पाणी निघालं होतं. गढूळ पाणी.

मी संध्याकाळी पोहोचलो. सुदर्शनचा शर्ट काढला तेव्हा मीच शेजारी होतो. त्याच्या खांद्यांवर पायांचे वळ होते. काळेनिळे. डाव्या खांद्यावर बुटाच्या तळव्याचा एक ठसा. बाकीचे सगळे अनवाणी पायांचे. लहान, मोठे. मी सातपर्यंत मोजले आणि थांबलो.

पोलीस आले. नूतनला नीट बोलता येत नव्हतं, पण तिने सांगितलं की मी गोट्यांवरून घसरले. पोलीस गेल्यावर तिने खुणेने फॉर्म मागितला. दोघांनी मिळून गुडघ्यावरची खूण खोडली आणि डोक्यावर केली. पुन्हा दोन सह्या केल्या. गोकुळने त्यावर साळुबाईचा अंगठा आणला. साहेब फोनवर जाम खवळले, सुदर्शनचं प्रमोशन गेलं ते गेलंच. पण खूण तशीच पुढे गेली. निळी रेषा वर सरकली. एकतीस घरकुलं आता वरच्या माळावर होतायत. ते रान मोकळंच आहे.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

नूतनचं हाड जुळल्यावर सुदर्शन ओतूरला तिच्या घरी गेला. माफी मागायला. तिच्या आईने चहा ठेवला आणि ती आत गेली. सुदर्शनने मान खाली घालून सुरुवात केली. तू मला वाचवायला आलीस आणि मी...

"थांब," नूतन म्हणाली. "मी वाचवायला निघाले हे खरं. काठावरून उतरले, पळत आले. तुझ्यापासून पाच पावलांवर मला पाणी लागलं. एकदम गळ्यापर्यंत. पाय सुटले."

सुदर्शनने मान वर केली.

"मला तू दिसत होतास. पण तू सुदर्शन आहेस हे आठवत नव्हतं, रे. मला एवढंच कळत होतं की हे उंच आहे."

ती रडायला लागली.

"तुझ्या खांद्यावर पहिला पाय माझा पडला. तू मला नंतर मारलंस."

दोघं अजून त्याच कंपनीत आहेत. एका कामावर जात नाहीत. भेटले की नमस्कार करतात, तब्येत विचारतात. चांगली माणसं आहेत दोघंही. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. दोघांतलं कुणी मुंगीवरही पाय देणार नाही, असं मी त्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगितलं असतं.

आता पावसाळ्यात बायको आणि पोरगी शेजारी झोपलेल्या असतात आणि मी जागा असतो. त्या पात्रात मी असतो तर, हा विचार डोक्यातून जात नाही. उत्तर मला माहीत आहे. म्हणूनच झोप येत नाही.