आधी करंजी, मग चकली

कोडं असं आहे: ऑपरेशनं दोन, भोकं चार, बोटभर लांबीची चीर एक आणि झोपही एकच. हे गणित जमतं कसं?

मला ते आधी अजिबात जमलं नव्हतं. म्हणून तर कराडच्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात मी चक्क एका यंत्रमानवाशी कडाकडा भांडले होते. आता सगळं निभावलं आहे. हे लिहिताना आई समोर बसून "पाठीला पोक काढून बसू नकोस" म्हणून ओरडते आहे, त्यामुळे हसत हसत सांगता येतं.

माझं नाव द्वारका. सध्या जुन्या नावांची चलती आहे. आमच्या सहावीच्या वर्गात दोन इंदू आणि एक यमुना आहे. आईचं नाव स्वरा आणि बाबाचं अथर्व. ही नावं आम्हा मुलांना फारच म्हातारी वाटतात. आईचा फराळाचा कारखाना आहे. सहा मोठ्या कढया, बारा बायका आणि आईचा आवाज यांवर तो चालतो. गेल्या वर्षी आईने चंद्रावरच्या तळावर काम करणाऱ्या मंडळींना चकल्या पाठवल्या. यानात चुरा तरंगत राहतो, म्हणून तिने चुरा न होणारी चकली शोधून काढली. ती खायला फक्त दात भक्कम लागतात, असं बाबा म्हणतो.

श्रावणात आईच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने ओवा खाल्ला, मग हिंग लावला, मग "होईल कमी" म्हणून दोन आठवडे काढले. शेवटी बाबाने तिला जवळजवळ उचलूनच इस्पितळात नेलं. तिथे तिच्या पोटाची सोनोग्राफी झाली आणि तिला चिंचोक्याएवढा कॅमेरा गिळायला दिला. दुखण्याचं कारण सापडलं, आणि त्याच्याबरोबर न दुखणारं आणखी एक काही सापडलं.

दुखत होतं ते पित्ताशय (यकृताखाली असलेली, पित्त साठवणारी छोटी पिशवी). त्यात खडे झाले होते. आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात एक गाठ होती. ती अजून वाईट नव्हती, पण तशीच ठेवली तर वाईट वळणाला लागली असती. आतड्याचा तेवढा वीतभर भाग काढून उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची होती.

"दोन्ही कामं एकाच वेळी करू," डॉक्टर मोहिते मॅडम म्हणाल्या.

"वा! एका दगडात दोन पक्षी," बाबा म्हणाला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" मी म्हणाले आणि तिथून निघून गेले.

मला राग आलेला नव्हता, भीती वाटत होती. आई झोपेतून उठलीच नाही तर, असा विचार डोक्यात यायचा. तो आला की मी पाणी प्यायचे. त्या दिवशी मी सात पेले पाणी प्याले.

व्हरांड्यात मुलांना समजावून सांगणारा एक यंत्रमानव होता. ऐकताना तो सारखी मान डोलवायचा, म्हणून नर्सताईंनी त्याचं नाव नंदी ठेवलं होतं.

"दोन ऑपरेशनं म्हणजे दुप्पट धोका," मी त्याला सुनावलं.

नंदीने मान डोलावली.

"बघ! तुलाही पटतंय."

"मी ऐकतो आहे म्हणून मान डोलावतो. पटलं म्हणून नाही," नंदी शांतपणे म्हणाला. "मी तुला काही प्रश्न विचारू का? तुझ्या आईचं पोट कापून उघडणार आहेत, असं तुला वाटतं का?"

"मग काय, बाहेरून फुंकर घालणार आहेत?"

नंदीच्या छातीवरच्या पडद्यावर पोटाचं चित्र उमटलं. "ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. आधी भूल देतात (औषधाने गाढ झोपवतात). मग पोटात एक निरुपद्रवी वायू भरतात. त्याने पोट पुरीसारखं फुगतं आणि आत हात फिरवायला, म्हणजे अवजारं फिरवायला जागा होते. एका भोकातून कॅमेरा जातो, बाकीच्या तीन भोकांतून पेन्सिलीएवढी अवजारं."

"आणि वीतभर आतडं पेन्सिलीच्या भोकातून बाहेर काढणार?" मला वाटलं, आता सापडला!

"चांगला प्रश्न. त्यासाठी खाली एक बोटभर चीर द्यावी लागते. कापलेला भाग पिशवीत घालून त्या वाटेने बाहेर काढतात. आता मला सांग, पित्ताशय कुठे आहे?"

मी चित्रात पाहिलं. पोटाच्या उजव्या बाजूला, वर. आतड्याचा तो भाग त्याच्या अगदी खालीच होता.

"म्हणजे... कॅमेरा तोच? भोकंही तीच?"

"तीच. भूल एकदाच, वायू एकदाच, बरं होण्यासाठी पडून राहायचं तेही एकदाच. दुसरं काम पुढे ढकललं, तर पहिल्या ऑपरेशननंतर पोटातले अवयव एकमेकांना चिकटू शकतात. मग तीच वाट अवघड होते. अर्थात, दोन कामांना वेळ जास्त लागतो, भूल लांबते. म्हणून आईचं हृदय, फुप्फुसं, रक्त सगळं आधी तपासलं आहे. ज्याला हे झेपणार नाही, त्याची कामं वेगवेगळीच करतात."

मी थोडी निवळले. पण पूर्ण नाही. कारण माझ्या डोक्यात कढई आली होती.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईने मला पहिल्यांदा एक कढई सांभाळायला दिली होती. तेल तापलेलं होतं. मी मोठ्या रुबाबात आधी चकल्या तळल्या आणि त्याच तेलात करंज्या सोडल्या. चकलीतलं तिखट आणि चुरा तेलात उतरला होता. माझ्या पांढऱ्याशुभ्र करंज्यांना देवी आल्यासारखे ठिपके पडले आणि वर त्या तिखट लागल्या. एका गिऱ्हाइकाने त्या खाऊन आईला फोन केला होता. तो फोन मला अजून आठवतो. तेव्हापासून आमच्या कारखान्याच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे: आधी करंजी, मग चकली.

"आतड्यात तर घाण असते," मी नंदीला म्हणाले. "ते आधी कापलं तर ती सगळीकडे नाही का लागणार? मग आधी काय करणार? करंजी की चकली?"

नंदीने नुसतीच मान डोलावली. त्याला करंजीचं काही कळलं नसावं. पण मागून हसण्याचा आवाज आला. मोहिते मॅडम उभ्या होत्या.

"आज सकाळी आम्ही चौघं डॉक्टर अर्धा तास याच्यावरच बोलत होतो," त्या म्हणाल्या. "आधी करंजी, द्वारका. पित्ताशय आधी, कारण ते काम जास्त स्वच्छ. आतडं नंतर, कारण त्यात जंतू असतात. आम्ही कितीही काळजी घेतली तरी क्रम सोडायचा नाही. आणि करंजीला चाळीस मिनिटं द्यायची. तेवढ्यात पित्ताशय सुटलं नाही, तर ते तसंच ठेवायचं आणि आतड्याकडे वळायचं. गाठ काढणं हे मुख्य काम आहे. त्यासाठी आईची ताकद शिल्लक राहायला हवी."

त्या माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. मला ते फार आवडलं.

मग आईने घोळ घातला. वर्षानुवर्षं जड कढया उचलून तिच्या डाव्या जांघेपाशी एक लहानसा फुगवटा आला होता (हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीत कमकुवत जागा होऊन आतला भाग पुढे येणं). ती जागा बुजवायला आतून जाळी बसवतात. आईने मोहिते मॅडमना सांगितलं, "मॅडम, तेल तापलंच आहे तर तेवढाही घाणा काढून टाका. मला काय दहा वेळा यायला वेळ आहे?"

मी नंदीकडे पाहिलं. त्याने पहिल्यांदाच मान आडवी हलवली.

"स्वराताई, जाळी बाहेरची वस्तू आहे," मॅडम म्हणाल्या. "आतड्यातला एखादा जंतू तिच्यावर जाऊन बसला, तर शरीराचे रक्षक तिथवर नीट पोचत नाहीत. मग जाळीच काढावी लागते. हे काम तीन-चार महिन्यांनी, स्वच्छ दिवशी."

आईचं तोंड पडलं. एकदा तापलेलं तेल वाया घालवणं तिच्या रक्तातच नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"आई," मी तिच्या कानाशी म्हणाले, "अनारसे तू कधी चकलीच्या कढईत तळलेस का?"

"वेडी आहेस का? अनारसे वेगळ्या दिवशी, वेगळ्या तुपात," आई फटकन म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मग हसली. "बरं बाई. अनारसे नंतर."

ऑपरेशन गणपतीनंतरच्या सोमवारी होतं. आत नेताना आईने माझा हात धरला. तिचा हात गार होता. कढईसमोर कधी न घाबरणारी आई घाबरली होती आणि तिने ते लपवलं नाही. "बाबाकडे लक्ष दे. तो पाणीसुद्धा पिणार नाही," एवढंच म्हणाली.

बाहेरच्या भिंतीवर दोन कामांचे दोन दिवे होते. काम चालू असलं की पिवळा, झालं की हिरवा. नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला दिवा पिवळा झाला.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाबा माझ्या शेजारी बसून स्वतःच्या चपलेकडे बघत होता. तिसाव्या मिनिटाला मी त्याच्यासाठी पाणी आणलं आणि ते स्वतःच पिऊन टाकलं. पस्तीस झाली तरी दिवा पिवळाच. पित्ताशय सुटलं नाही तर आईला ते दुखणं पुन्हा, ती भूल पुन्हा, आणि हा व्हरांडाही पुन्हा. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"नंदी, आता काय होतंय?" मी विचारलं. आतली बातमी त्याला कळत होती.

"पित्ताशय थोडं चिकटलेलं आहे. ते सावकाश सोडवत आहेत. घाई नाही."

अडतिसाव्या मिनिटाला दिवा हिरवा झाला. बाबाने मला इतकं जोरात धरलं की माझा चष्माच पडला.

दुसरा दिवा दोन तास पिवळा होता. मध्ये नंदीने सांगितलं, की आतड्याच्या जोडलेल्या टोकांना रक्त नीट मिळतंय की नाही ते बघायला एक रंग शिरेतून सोडला आहे. खास दिव्याखाली रक्त पोचतं तिथे तो हिरवा चमकतो. "चमकला का?" मी विचारलं. "दोन्ही टोकांशी," नंदी म्हणाला. आणि थोड्या वेळाने भिंतीवरचा दिवाही हिरवा झाला. हुश्श! बाबा रडायला लागला आणि मी त्याला रडू दिलं.

संध्याकाळी आईने डोळे उघडले.

"दोन्ही झालं?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"आधी करंजी?"

"आधी करंजी."

आईने समाधानाने पुन्हा डोळे मिटले. ती पुन्हा झोपली तरी मला या वेळी पाणी प्यावंसं वाटलं नाही.

आठवड्याने गाठीचा अहवाल आला. वाईट वळणाला लागण्याआधीच ती निघाली होती. टाके दाखवायला गेलो तेव्हा नंदी म्हणाला, की पुढे कधीतरी भोकंही लागणार नाहीत. तांदळाएवढे यंत्रमानव गिळायचे आणि त्यांनीच आत जाऊन दुरुस्ती करायची.

"त्यांनाही क्रम शिकवावा लागेल," मी म्हणाले. "कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कोणतं त्या दिवशी करायचंच नाही."

नंदीने मान डोलावली. "या वेळी पटलं म्हणून," तो म्हणाला.

काल कारखान्यात दिवाळीच्या कढया चढल्या. आईला अजून काही उचलायची परवानगी नाही, म्हणून ती मधोमध खुर्ची टाकून बसली होती. अनारशांचं पीठ बाजूला मुरत होतं आणि तिच्या हर्नियाची तारीख पौषातली ठरली होती. एवढ्यात नवीन कामाला आलेल्या एका ताईने चकल्यांचं ताट उचललं आणि ती कढईकडे निघाली.

"अगं ए! आधी करंजी!" आई एवढ्या मोठ्याने ओरडली की सहा कढयांपाशी उभ्या असलेल्या बाराही बायका दचकल्या.

बाबाने माझ्याकडे पाहिलं आणि मी बाबाकडे. केवढा मोठा आवाज होता तो! आमची आई अगदी पूर्ण परत आली होती.