दोर धरणारा उठत नाही

शेजारी देशाचे सैनिक येण्याआधी वरच्या खिंडीत झेंडा रोवायचा, एवढ्यासाठी १९८४च्या एप्रिलात तीन जवान एका दोराला कमरा बांधून हिमनदी चढत होते. एक देश अणुस्फोट करून बसलेला, दुसरा अणुबॉम्बच्या खटपटीत, आणि भांडण कशावर? जिथं गवताची काडी उगवत नाही, त्या बर्फावर!

पुढं श्रीपती, मध्ये बलभीम, मागं वायरलेस पाठीवर घेतलेले सुभेदार माणिकप्पा. श्रीपती आणि बलभीम दोघेही भूमकडचे. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी मिळून विहिरींचा गाळ उपसला होता.

"बल्या, एवढं पाणी गावाकडं असतं तर!" श्रीपती वळून हसला, आणि दिसेनासा झाला!

बर्फाचा पापुद्रा फुटला होता. खाली काळी भेग! बलभीम तोंडावर आपटला. फरफटत गेला. बर्फ फोडायची कुऱ्हाड रुतवली. थांबला! पण ताणलेला दोर काठाच्या बर्फात खोल खोल रुतत चालला.

सुभेदारांनी वायरलेसवर कळवलं. तळावरच्या अधिकाऱ्याचं उत्तर आलं, "बर्फात खुंटी ठोकून दोर तिला बांधा. दोघं पुढं जा. आधी खिंड, मग माणूस!"

बलभीमचं रक्त उसळलं. "खुंटीला? साहेब, आमच्याकडं विहिरीत माणूस असला की दोर धरणारा भाकर खायलाबी उठत न्हाय. तुम्ही जा. म्या हलणार न्हाय!"

सुभेदारांनी खिंडीकडं पाहिलं. जेमतेम अर्ध्या तासाची चढण. अठरा वर्षांची नोकरी पणाला. त्यांनी वायरलेसचा खटका बंद केला.

"कसं ओढायचं, सांग."

"दोर काठात रुतू नये म्हून विहिरीच्या तोंडावर लाकूड टाकतो, तसं करा!"

सुभेदार पोटावर सरपटत गेले. आपल्या कुऱ्हाडीचा दांडा त्यांनी दोराखाली आडवा सारला. तेवढ्यात खालून दोन हिसके आले. गाळ काढतानाची जुनी खूण: जिता हाय, ओढ!

"ओढा!" बलभीम ओरडला.

वीत वीत दोर वर आला. हातमोजे फाटले, तळवे सोलले. तासाभरानं श्रीपतीचं निळं पडलेलं तोंड काठावर दिसलं! तोवर धुक्यानं खिंड गिळली होती.

खाली तंबूत परतल्यावर स्टोव्हवर बर्फ वितळवून बलभीमनं श्रीपतीला घोट घोट पाणी पाजलं.

"खिंड?" श्रीपती पुटपुटला.

"गेली खड्ड्यात!" बलभीम कडाडला. "तिकडं माझी आई हंडाभर पाण्याला दोन कोस चालती, आन् हितं पाण्याच्या डोंगरावर बंदुका चढवत्यात!"

सुभेदारांनी वायरलेसचा खटका पुन्हा चालू केला. लगेच विचारणा झाली, "झेंडा लागला?"

"नाही. माणूस आणला."

हुकूम आला, "उद्या पुन्हा जा!"

बलभीमनं पुढं वाकून बोलायचं बटण दाबलं. "जाऊ साहेब. पण दोर आमच्याच हातात राहील."