एवढं वर पोहोचवता का?

कोथरूडमध्ये कसली आलीयेत भुतं, असं मीही म्हणायचो.

चांगलं मोठ्यानं म्हणायचो. आता नाही म्हणत.

हे घडलं ते माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत. मित्राच्या मित्राचं नाही, कुठं वाचलेलं नाही. त्या सकाळी तिला घरी आणायला दादाबरोबर मी स्वतः गेलो होतो. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दिवाळी नुकतीच संपलेली. जागा म्हणाल तर पौड रस्त्याच्या मागच्या गल्लीतली एक जुनी सोसायटी. नाव सांगणार नाही. तिथले लोक सध्या भाड्याच्या घरांत राहून नव्या फ्लॅटची वाट बघतायत. उद्या भाव पडले तर मलाच धरतील.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

वहिनीचं नाव तनुजा. पन्नाशीला टेकलेली, बँकेत नोकरी. गुडघे धरायला लागले म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर ही चालता चालता धावायलाच लागली. त्या हिवाळ्यात अर्धमॅरेथॉनची तयारी चालू होती. रोज उजाडायच्या आत बूट चढवायचे आणि बाहेर पडायचं. फोन घरीच. "तो बरोबर असला की बँक बरोबर येते," म्हणायची.

पण तिचं धावणं कधी सरळ झालंच नाही. कुणाची स्कूटर बंद पडलेली दिसली, की ही धक्का मारायला थांबणार. शहाळ्यांची हातगाडी चढावर अडली, की मागून रेटणार. हॉस्पिटल शोधत फिरणाऱ्या माणसांना नुसता रस्ता सांगून भागायचं नाही, ती थेट दारापर्यंत सोडून यायची.

संजयदादा म्हणायचा, "पदकाचं राहू दे, तुला नगरसेवकाचं तिकीट मात्र नक्की मिळेल."

ती हसायची. "अहो, दोन मिनिटं तर जातात. कुणाचं अडलं असेल तर थांबायला नको?"

त्या पहाटे हवेत धुकं होतं. गल्लीतले दिवे अजून चालू होते. वहिनी नेहमीच्या वेगानं त्या सोसायटीपाशी आली...

आणि तिला हाक ऐकू आली.

"अहो ताई, एवढं वर पोहोचवता का?"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पायजमा, अंगात विटका हातविणीचा स्वेटर, डोक्याला मफलर. पायाशी दळणाचा पत्र्याचा डबा. चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"तिसरा मजला आहे हो. लिफ्ट बंद केलीय. गुडघे चालत नाहीत."

गुडघ्यांचं दुखणं वहिनीला नवीन नव्हतं. ती लगेच आत शिरली. ही सोसायटी पाडून नवी बांधणार असं तिनं ऐकलं होतं. तिला वाटलं, एखाद-दुसरं बिऱ्हाड राहिलं असेल अजून.

तिनं डबा उचलला. डबा गरम होता. ताजं दळण असतं, तसा.

पहिला मजला चढल्यावर तिच्या मनात आलं... एवढ्या पहाटे गिरणी कुठली उघडी?

विचारायला ती वळली. म्हातारे दोन पायऱ्या खाली होते. तसेच हसत होते.

"चढा, चढा. सांभाळून."

ती पुन्हा चढायला लागली. जिन्यात अंधार होता. कुठल्याच दाराबाहेर चपला नव्हत्या. दुधाच्या पिशव्या नव्हत्या. पाट्या नव्हत्या. कुठं नळ वाजत नव्हता, कुणी खोकत नव्हतं.

तिच्या बुटांचा आवाज येत होता.

फक्त तिच्याच बुटांचा.

मागून येणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाजच नव्हता. तरी ते मागे होते. कारण दर वळणावर, अगदी कानाजवळून, तोच मऊ आवाज येत होता. "चढा, चढा..."

तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दार उघडं होतं. चॉकलेटी रंगाचं, जाडजूड, जुन्या पद्धतीचं दार. वहिनीनं आत जाऊन डबा खाली ठेवला. खोली रिकामी होती. भिंतींवर जिथं पूर्वी फोटो असतील तिथं फिकट चौकोन राहिले होते. मधोमध एक लाकडी खुर्ची. तिचं तोंड दाराकडे.

"बसा ना ताई जरा," म्हातारे दारातून म्हणाले.

"नको काका, मला उशीर होतोय."

"बसा हो. इथं कुणीतरी असावं लागतं. मी एवढ्यात जाऊन येतो."

आणि दार लागलं.

बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

वहिनीला आधी राग आला. काय चाललंय हे? तिनं दार ठोठावलं. "अहो काका! दार उघडा! चेष्टा करताय का माझी?"



तिनं दार ओढलं, ढकललं, खांदा लावला. दार हललंसुद्धा नाही. मुठी आपटल्या. घसा ताणून हाका मारल्या. जिन्यात उतरत जाणारी पावलं ऐकू येतात का, म्हणून दाराला कान लावला.

पलीकडे काहीच नव्हतं. शांततासुद्धा नाही, असं ती म्हणते. कापूस कोंबल्यासारखं काहीतरी.

ती खिडकीकडे धावली. खिडकीला लोखंडी गज होते. खाली गल्ली दिसत होती. तिनं हात बाहेर काढून हलवले, ओरडली. पेपरवाला सायकलवरून गेला. त्यानं वर पाहिलं नाही. मग उजाडलं. शाळेच्या व्हॅन आल्या. समोरच्या बिल्डिंगमधली बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, हाक मारली तर सहज ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. वहिनी तिच्याकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि ती शांतपणे चिमटे लावत होती.

ऊन चढलं. उतरलं.

तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली. दळणाचा डबा कधीच दिसेनासा झाला होता. तो कधी गेला, हे तिला आठवत नाही. दादा शोधत असेल... बँकेतून फोन आले असतील... पोलिसांत कळवलं असेल. या विचारांवर ती तग धरून होती. पण गल्लीत कुणीच कुणाला शोधत नव्हतं. सगळं आपलं रोजच्यासारखं चाललं होतं.

आणि पाय दुखत होते. बसायला जागा एकच होती.

ती खुर्चीवर बसली नाही. का, ते तिला सांगता येत नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, मग पुन्हा खिडकीशी गेली, मग पुन्हा दाराशी. खुर्चीकडे पाठ करायचीही तिला भीती वाटत होती, आणि बघायचीही.

संध्याकाळ झाली. गल्लीतले दिवे लागले.

तेव्हा खाली विश्वजीत दिसला.

विश्वजीत तिच्या धावण्याच्या ग्रुपमधला. तिच्याच वयाचा, इंजिनीयर, मनानं साधा माणूस. तो बरोबर त्या फाटकापाशी थांबला. बुटाची नाडी बांधायला वाकला. सरळ उभा राहिला...

आणि त्यानं थेट वर पाहिलं.

वहिनीनं तोंड उघडलं. तिला ओरडायचं होतं, "विश्वजीत, मला बाहेर काढा!"

पण तोंडून दुसरंच निघालं.

मऊ आवाजात. अगदी गोड.

"अहो... एवढं वर पोहोचवता का?"

तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

खाली विश्वजीतनं एक पाऊल फाटकाच्या आत टाकलं होतं. वहिनीला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. तो वर येईल. दार उघडेल. तो आत येईल आणि ती सुटेल. फक्त हात काढायचे होते तोंडावरून. पुन्हा एकदा हाक मारायची होती.

ओठ आतल्या आत हलत होते. शब्द तयार होते.

तिनं स्वतःचा तळहात चावला. रक्त येईपर्यंत चावला. आणि मान हलवत राहिली. नको. नको. येऊ नका.

विश्वजीत थोडा वेळ घुटमळला. डोकं हलवलं आणि धावत निघून गेला.

मग ती दाराशी आली आणि वेड्यासारखी मुठी आपटायला लागली. किती वेळ, कुणास ठाऊक.

कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"ओ ताई! ताई! काय करताय?"

जोराचा हिसका बसला आणि वहिनी जिन्याच्या चौकात येऊन पडली.

समोर वॉचमन होते. हिंमतराव. मुळशीकडचे, साठीचे गृहस्थ. मागच्या शेडमध्ये राहून त्या जागेची राखण करायचे. त्यांच्या हातात बॅटरी होती.

"दार..." वहिनी म्हणाली. "त्यांनी बाहेरून दार लावून घेतलं..."

हिंमतरावांनी बॅटरी आत मारली.

"ताई, दार कसलं? दारं-खिडक्या भंगारवाल्यानं कवाच नेली. गजसुदिक ठिवलं न्हाईत."

वहिनीनं वळून पाहिलं.

दार नव्हतं. चौकटही नव्हती. भिंतीत नुसतं भगदाड होतं. आत विटांचे तुकडे, धूळ, खिडकीच्या जागी दुसरं भगदाड. खुर्ची नव्हती.

बाहेर कावळे नुकते ओरडायला लागले होते. अजून नीट उजाडलंही नव्हतं.

तीच पहाट होती.

हिंमतरावांनी तिला खाली आणलं, पाणी दिलं आणि स्वतःच्या फोनवरून दादाला फोन लावला. आम्ही दोघं गाडी काढून पोहोचलो, तेव्हा ती त्यांच्या खाटेवर बसून होती. हातांच्या कडा सुजून काळ्यानिळ्या झालेल्या. तळहातावर दातांच्या खुणा.

दादा तिला गाडीत बसवत होता, तेव्हा हिंमतरावांनी मला बाजूला घेतलं.

"सायेब, वर कुणी म्हातारं-बितारं राहत न्हाई. म्या कुणाला वर जाताना बघितलं न्हाई, उतरतानाबी न्हाई. आवाजानं जागा झालो. ताई मोकळ्या भगदाडात उभ्या हुत्या. दोन्ही हात नुसतं हवेत आपटत हुत्या..."

त्यांनी एकदा वर बघितलं.

"पर आवाज लाकडाचा येत हुता, सायेब. दारावर धडाधडा मारल्यावानी."

डॉक्टरांनी वहिनीच्या हातातून कुसळं काढली. सागवानाची. एका कुसळाला चॉकलेटी रंग चिकटलेला होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

नंतर विश्वजीतला विचारलं. तो म्हणाला, "हो, थांबलो होतो तिथं. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. पण संध्याकाळी नाही हो, त्याच दिवशी पहाटे."

वहिनीनं धावणं सोडलं. दादानं तिला एकदाही टोमणा मारला नाही, यावरून घरचं वातावरण ओळखा.

बऱ्याच दिवसांनी ती थोडी सावरली. म्हणाली, त्या हिंमतरावांना भेटायला हवं. माझ्यासाठी एवढं केलं, मी साधे आभारही मानले नाहीत. तिनं घरी बेसनाचे लाडू केले आणि भर दुपारी आम्ही दोघं गेलो.

तिथं बिल्डिंगच नव्हती. सगळीकडे पत्रे लावलेले, आत सपाट जमीन आणि एका कडेला राडारोडा. फाटकावर दुसराच वॉचमन.

"हिंमतराव आहेत का?" वहिनीनं विचारलं.

त्या माणसानं तिला नीट न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"ओळखीची आहे त्यांच्या."

"ते गेले की नाहीसे होऊन. बिल्डिंग पाडायच्या आधीच. एक दिवस पहाटे आम्ही दोघं खाली शेकत बसलो होतो. एकदम उठले. म्हणाले, वर त्या ताई पुन्हा अडकल्यात, हाका मारतायत. मला काही ऐकू आलं नाही. ते गेले वर. उतरलेच नाहीत. सगळे मजले धुंडाळले आम्ही. पोलीसही येऊन गेले. त्यांचा मुलगा अजून येतो विचारायला."

लाडवांचा डबा मी वहिनीच्या हातातून घेतला. तो पडला असता.

घरी आल्यावर तिनं काय केलं, ते दादाला अजून माहीत नाही. दादाच्या फोनमध्ये हिंमतरावांचा नंबर होता. दादा आंघोळीला गेल्यावर तिनं तो नंबर लावला. मी शेजारीच होतो. तिनं स्पीकर चालू केला.

रिंग वाजली.

वाजत राहिली...

आणि फोन उचलला गेला.

"हिंमतराव?" वहिनी म्हणाली. "हिंमतराव, कुठं आहात तुम्ही?"

 पलीकडून त्यांचा आवाज आला. दमलेला, पण धीर देणारा.

"कोन बोलतंय?"

"मी तनुजा. त्या दिवशी तुम्ही मला..."

"ताई?"



"असं कसं, ताई? तुमी कुठनं फोन करताय? तुमी तर हितं माज्यासमोर खुर्चीत बसलाय."

फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. आम्ही पोलिसांना नुसता फोन लागल्याचं सांगितलं. हिंमतराव काय बोलले, ते सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

वहिनी आता बँकेत जाते, स्वयंपाक करते, टीव्ही बघते. सगळं जसंच्या तसं आहे. दादा म्हणतो, झालं ते झालं, सुटली एकदाची.

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. दादा आत झोपला होता. वहिनी माझ्यासमोर बसली होती. तिनं हळूच विचारलं,

"भाऊजी, त्या दिवशी मी खाली उतरले ना? नक्की?"

"हो, म्हणजे काय, वहिनी!" मी म्हणालो.

लगेच म्हणालो. जरा जास्तच लगेच.